हरकत कोणाची?

(द्वितीय वर्ष कला)

आपण मराठी माणसे दिवसातून दहा वेळा तरी ‘काही हरकत नाही’ म्हणतो. एस.टी.त कोणी पाय तुडवला, काही हरकत नाही. उधारीचे पैसे पुढच्या बाजारी देतो म्हणाला, काही हरकत नाही. हे वाक्य इतके अंगवळणी पडले आहे की ‘हरकत’ या शब्दाला स्वतःचे वजन असते हे मला वयाच्या अठराव्या वर्षापर्यंत ठाऊक नव्हते. ते ज्या दिवशी कळले त्या दिवसाची हकीकत आधी सांगतो आणि मग मुंबईच्या वानखेडे स्टेडियमकडे वळतो. वस्तीवरच्या मैदानावरून एकदम चर्चगेटला उडी कशी, असे वाचकांना वाटेल. दोन्हींचा सांधा एकच आहे. थोडा धीर धरावा ही विनंती.

गोष्ट गेल्या पावसाळ्यातली. प्रवरेच्या काठाने बेलापूरच्या आसपास ज्या वस्त्या आहेत त्यांतली एक आमची. नाव लिहीत नाही, कारण ज्यांच्याविषयी लिहायचे तेही इथेच राहतात आणि मलाही इथेच राहायचे आहे. वस्तीच्या कडेला एक मैदान आहे. मैदान म्हणजे काय, चार-पाच बाभळी, एका टोकाला वाकलेला गोलखांब, आणि यात्रेत जिथे कुस्त्यांचा हगामा भरतो ती भुसभुशीत मातीची जागा. पण पहाटे पाचला तिथे गेलात तर पोलीस भरतीसाठी धावणारी तीस-चाळीस मुलेमुली दिसतील. सोळाशे मीटर म्हणजे मैदानाला किती फेऱ्या, हे त्यांतल्या प्रत्येकाला पाढ्यासारखे पाठ आहे.

त्या मैदानाच्या रस्त्याकडच्या अंगाला व्यापारी गाळे काढायचे ठरले आणि तसा कागद एका कार्यालयाच्या फलकावर लागला. मी दाखल्यासाठी तिथे गेलो होतो. शेजारी आमच्या वस्तीवरचे एक म्हातारे गृहस्थ उभे होते. त्यांची नात त्याच मैदानावर धावते. आम्ही सगळे त्यांना बाबाच म्हणतो. कॉलेजात जाणारा पोरगा दिसला म्हणून त्यांनी विचारले, “काय लिव्हलंय रे त्यात?” मी वाचले. ‘सर्व संबंधितांना कळविण्यात येते की’ अशी सुरुवात होती, मध्ये गट नंबर होते, आणि शेवटी तीस दिवसांत लेखी हरकती मागवल्या होत्या. मी म्हणालो, “काही नाही बाबा, सरकारी कागद आहे. हरकती मागवल्यात.”

“कुणाच्या?”

“ज्याची असेल त्याची.”

“मंग आपली काय हरकत आसायची,” असे म्हणून बाबा टोपी सारखी करीत निघून गेले. मीही दाखला घेऊन घरी आलो.

आमच्या घरात बारावी झालेला मी पहिला. आईला सही येते, दादांना वाचता येते पण ‘सरकारी मराठी’ येत नाही, आणि आबांचा, म्हणजे आजोबांचा, अंगठा. मला कॉलेजात घातले ते असले कागद वाचण्यासाठी. मी तो वाचला आणि त्याचा अर्थ सांगितला नाही, कारण मलाच तो कळला नव्हता. दिवाळीच्या सुमारास जेसीबी आला, फक्की मारली गेली, गोलखांब उपटला गेला. बाबा मला रस्त्यात भेटले तेव्हा रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, “तू वाचलं व्हतं ना?”

त्या प्रश्नाने मी काही दिवस जेवणावरून उठत होतो. पुढे राज्यशास्त्राच्या सरांनी प्रकल्पासाठी विषय निवडायला सांगितले तेव्हा मी ‘सार्वजनिक मैदाने व नागरिकांच्या हरकती’ हा विषय मागून घेतला. सर म्हणाले, उदाहरण मोठे घे, म्हणजे वाचायला मिळेल. म्हणून वानखेडे.

वानखेडे मी एकदाच पाहिले आहे, तेही लोकलच्या दारातून. चुलते मुंबईला कँटीनमध्ये कामाला आहेत. मरीन लाइन्सहून गाडी चर्चगेटकडे निघाली तसे त्यांनी बोट दाखवले, “ते बघ.” रुळाला लागूनच काँक्रीटचे अवाढव्य कडबोळे, वर पांढरे छप्पर. आत काही दिसत नाही. बरोबरच्या एकाही प्रवाशाने मान वर केली नाही. मला मात्र छाती भरून आल्यासारखे झाले. २ एप्रिल २०११ ला विश्वचषकाचा अंतिम सामना इथे झाला तेव्हा मी पाच वर्षांचाही नव्हतो. पण दादांनी तो इतक्या वेळा सांगितला आहे की मी तो पाहिला असेच मला वाटते. झहीर खानने पहिली तीन षटके निर्धाव टाकली. झहीर म्हणजे आपल्या श्रीरामपूरचा! अजिंक्य रहाणे आपल्याच जिल्ह्यात, संगमनेर तालुक्यातल्या आश्वी खुर्दला, जन्मलेला. म्हणजे त्या हिरवळीवर आपल्या मातीचाही थोडा हक्क आहे, असे मला लोकलच्या दारात वाटले. हा हक्क कागदावर कुठे लिहिलेला आहे, हे शोधायला मी नंतर ग्रंथालयात बसलो.

या स्टेडियमचा जन्मच एका हरकतीतून झाला. मुंबईचे कसोटी सामने पूर्वी ब्रेबॉर्न स्टेडियमवर होत. १९३७ साली उभे राहिलेले ते स्टेडियम क्रिकेट क्लब ऑफ इंडिया या क्लबच्या मालकीचे. सामने भरवायचे मुंबईच्या क्रिकेट संघटनेने आणि जागा क्लबची, त्यामुळे तिकिटे व आसने कोणाला किती यावरून दोघांत कायम धुसफूस. सत्तरीच्या दशकात ती विकोपाला गेली. एका बाजूला विजय मर्चंट, दुसऱ्या बाजूला संघटनेचे अध्यक्ष बॅरिस्टर शेषराव वानखेडे. हे वानखेडे त्या काळात विधानसभेचे अध्यक्षही होते. मग वानखेड्यांनी हाकेच्या अंतरावर सरकारी जमिनीवर दुसरे स्टेडियम उभे केले. वास्तुविशारद शशी प्रभू. सुमारे तेरा महिन्यांत ते बांधून झाले असे सांगतात. जानेवारी १९७५ मध्ये वेस्ट इंडीजविरुद्ध पहिला कसोटी सामना झाला. क्लाइव्ह लॉइडने नाबाद २४२ धावा केल्या आणि त्याचे अभिनंदन करायला मैदानात धावलेल्या एका पोराला पोलिसांनी मारले म्हणून प्रेक्षक खवळले. पहिल्याच सामन्यात दंगल!

तेरा महिन्यांत स्टेडियम. आमच्याकडे पाटाच्या चारीवरचा फरशी पूल व्हायला किती वर्षे लागली ते विचारू नका. पण मनात येते, विधानसभेचा अध्यक्षच जेव्हा अर्जदार असतो, तेव्हा हरकत घ्यायला कोण जाणार? मी वानखेड्यांना दोष देत नाही. क्लबाच्या तोऱ्याला त्यांनी उत्तर दिले याचा एक मराठी मुलगा म्हणून मला आनंदच आहे. मूळ भांडण काय होते तर आसने कोणाला मिळावीत हे. आता पुढे काय झाले ते पाहा.

२०११ च्या विश्वचषकासाठी हे स्टेडियम जवळजवळ नव्याने बांधले गेले. जुने गज्जे पाडले, काँक्रीटच्या पायऱ्यांवर एकेकट्या खुर्च्या आल्या, वरती ताणलेले छप्पर आले, कंपन्यांसाठी काचेच्या खोल्या आल्या. पूर्वी चाळीस हजारांच्या घरात माणसे बसत. नव्या रचनेत सुमारे तेहेतीस हजार. सुरक्षेसाठी आणि सोयीसाठी हे करावे लागले असेल, ते मी मान्य करतो. परंतु अंतिम सामन्याच्या वेळी त्या तेहेतीस हजारांतली सर्वसामान्यांसाठी विक्रीला ठेवलेली तिकिटे किती होती? सुमारे चार हजार. उरलेली संलग्न क्लबांना, आंतरराष्ट्रीय संघटनेला, पाहुण्यांना. ज्या तक्रारीपायी ब्रेबॉर्न सोडले तीच तक्रार घेऊन आता वानखेडेच्या फाटकाबाहेर लोक उभे होते. फरक एवढाच की त्यांच्यात कोणी बॅरिस्टर नव्हता.

इथे मला कायद्याची एक गोष्ट कळली आणि ती मी वर्गमित्रांना मुद्दाम सांगतो. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम १९६६ सालचा आहे. एखाद्या शहराचा विकास आराखडा करायचा किंवा त्यातले आरक्षण बदलायचे, उदाहरणार्थ मैदानाच्या जागी दुसरे काही आणायचे, तर सूचना प्रसिद्ध करावी लागते, हरकती मागवाव्या लागतात आणि हरकत घेणाऱ्याचे म्हणणे ऐकावे लागते. एवढे चांगले आहे. पण आरक्षण तेच ठेवून आतली इमारत पाडून नवी बांधायची असेल, तर तो मामला मुख्यतः अर्ज करणारा आणि परवानगी देणारा या दोघांतला राहतो. स्टेडियमचे स्टेडियमच राहणार, मग विचारायचे कोणाला? आत आसने किती, ती कोणाला, गाड्या कुठे उभ्या राहणार, दिवे आणि भोंगे किती वाजेपर्यंत, रोज खेळणाऱ्या पोरांना फाटक उघडे की बंद, हे प्रश्न विचारायला त्या कागदावर रकानाच नसतो. म्हणून आपल्याकडे हरकत परवानगीच्या टेबलावर न जाता उच्च न्यायालयात जाते, तीही काम होऊन गेल्यावर, जनहित याचिका होऊन.

आणि याचिका कोण करणार? ज्याला वकील माहीत आहे तो. दादरचे शिवाजी पार्क घ्या. १९२५ साली लोकांसाठी खुले झालेले अठ्ठावीस एकरांचे मैदान. रमाकांत आचरेकरांनी तिथे केवढे खेळाडू घडवले! तिथल्या सभांच्या भोंग्यांना कंटाळून आसपासच्या रहिवाशांनी न्यायालयात दाद मागितली आणि मे २०१० मध्ये न्यायालयाने त्याला शांतता क्षेत्र ठरवले. पुष्कळांनी त्या रहिवाशांना नाके मुरडली. सभा कुठे घ्यायच्या म्हणून राजकीय पक्ष चिडले. मला ते रहिवासी आवडले. आपल्या खिडकीखाली काय चालावे हे विचारायचा त्यांना हक्क आहे. वानखेडेला लागूनही लोकांची घरे आहेत; सामन्याच्या दिवशी त्यांना आपल्याच गल्लीत शिरायला अडवले जात असेल तर त्यांनी गप्प का बसावे? माझी तक्रार रहिवाशांविरुद्ध मुळीच नाही. माझी तक्रार अशी की ‘स्थानिक’ म्हणजे फक्त ज्याची खिडकी मैदानाकडे उघडते तो, अशी आपण व्याख्या करून टाकली. ज्याची खिडकीच नाही पण ज्याचा दिवस त्या मैदानावर उगवतो, तो स्थानिक नाही काय?

हे लिहिताना मला आबांचा एक शब्द आठवतो: खंड. आपल्या श्रीरामपूर तालुक्यात तो वेगळा समजावून सांगावा लागत नाही. शंभरेक वर्षांपूर्वी इथल्या शेतकऱ्यांच्या जमिनी साखर कारखान्यांना उसासाठी खंडाने दिल्या गेल्या. पुढे कमाल जमीन धारणेचा कायदा आला, १९६३ साली शेती महामंडळ झाले, जमिनी त्याच्याकडे गेल्या, आणि मूळ मालक ‘खंडकरी’ म्हणून मोर्चे काढीत म्हातारे झाले. २०१२ च्या सुमारास वाटप सुरू झाले तेव्हा पुष्कळांच्या जागी नातवंडे रांगेत उभी होती. आमच्याही घरी त्या रांगेतला एक कागद आहे. त्यामुळे भाडेपट्टा, मुदत, नूतनीकरण हे शब्द मी पुस्तकात वाचण्याआधी ओसरीवर ऐकलेले आहेत.

वानखेडेची जमीनही अशीच भाडेपट्ट्याची आहे. मालक राज्य सरकार, म्हणजे तुम्ही आणि मी. पन्नास वर्षांचा पट्टा २०१८ साली संपला आणि २०१९ मध्ये मुंबई शहरच्या जिल्हाधिकाऱ्यांनी क्रिकेट संघटनेला सुमारे १२० कोटी रुपयांच्या थकबाकीची नोटीस पाठवली, अशी बातमी वृत्तपत्रांत आली होती. आबांना मी ही बातमी वाचून दाखवली. ते म्हणाले, “म्हंजी तेबी खंडकरीच की.” मी म्हटले, आबा, उलटे आहे, इथे जमीन आपली आणि खंड त्यांनी द्यायचा. आबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “आपली हाय तर आपल्याला इचारलं का?”

आबांच्या या प्रश्नाचे उत्तर मला कोणत्याच पुस्तकात मिळाले नाही. सरकारी जमिनीवरच्या स्टेडियमची फेरउभारणी करताना मालकाला, म्हणजे लोकांना, विचारण्याची रीत आपल्याकडे नाही. पट्टा नव्याने करताना सरकारला अटी घालता येतात. निम्मी आसने खुल्या विक्रीला, वर्षातले अमुक दिवस महापालिकेच्या शाळांतल्या मुलांना खेळायला, अशा अटी घालायला कोणाची हरकत असते? पण तशी मागणी करणारा अर्जदार पुढे यावा लागतो, आणि तो कुठे द्यायचा हे त्याला कळावे लागते.

एकदा मात्र दूरच्या लोकांची हरकत ऐकली गेली. २०१६ चा उन्हाळा आठवा. मी तेव्हा चौथीत. भंडारदऱ्याचे आवर्तन लांबले होते आणि आई दोन कळश्या घेऊन हातपंपावर रांगेत असायची. लातूरला तर मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले. त्याच एप्रिलमध्ये मुंबई, पुणे आणि नागपूर इथल्या आय.पी.एल.च्या खेळपट्ट्या व मैदानांसाठी साठ लाख लिटर पाणी लागणार म्हणून एका संस्थेने उच्च न्यायालयात याचिका केली. मंडळाने प्रक्रिया केलेले सांडपाणी वापरू असे सांगून पाहिले. १३ एप्रिलला न्यायालयाने सांगितले, ३० एप्रिलनंतरचे सामने महाराष्ट्राबाहेर न्या. आमच्या घरी यावरून दोन तट पडले. दादा म्हणाले, एवढ्या पाण्याने लातूर भिजणार आहे का? सामना गेला तर भेळवाल्याचा, टोप्या-झेंडे विकणाऱ्याचा धंदा गेला. आबा म्हणाले, भिजो न भिजो, दिसतं कसं? मला आजही दोघांचे पटते. साठ लाख लिटर म्हणजे उसाच्या दृष्टीने किरकोळ पाणी आहे, हे आपल्या भागातल्या माणसाला सांगायला नको. ऊस किती पितो यावर आपल्याकडे कोण याचिका करतो? पण त्या निकालाने एक गोष्ट प्रथमच मान्य झाली. चर्चगेटच्या हिरवळीशी हंड्याच्या रांगेतल्या बाईचाही संबंध आहे, ती ‘संबंधित’ आहे.

विलायतेत निराळी तऱ्हा आहे. तिथे बांधकामाचा अर्ज आला की जागेवर सूचना लावतात किंवा शेजाऱ्यांना पत्रे पाठवतात, आणि निदान एकवीस दिवस त्यांचे म्हणणे मागवतात. विम्बल्डनच्या टेनिस क्लबाला शेजारच्या जुन्या गोल्फ मैदानावर अडतीस नवी कोर्टे आणि आठ हजार आसनांचे स्टेडियम करायचे होते. क्लब जगप्रसिद्ध, पैसा अमाप. तरी एका स्थानिक कौन्सिलने हो म्हटले, दुसरीने नाही. २०२४ मध्ये लंडनच्या वरिष्ठ प्राधिकरणाने परवानगी दिली तेव्हा रहिवासी कोर्टात गेले आणि जुलै २०२५ मध्ये तिथे हरले. हरले, पण वर्षानुवर्षे त्यांचे बोलणे टिपून घेतले गेले आणि क्लबाला सर्वांसाठी खुल्या उद्यानाचे वचन द्यावे लागले. सगळीकडे असे होते असे नाही. टोकियोत नव्या राष्ट्रीय स्टेडियमसाठी एक सरकारी वसाहत पाडली गेली. तिथल्या काही म्हाताऱ्यांची घरे १९६४ च्या ऑलिंपिकसाठीही गेलेली होती. एकाच आयुष्यात दोनदा स्टेडियमने घर गिळले! जपानी माणसालाही ‘काही हरकत नाही’ म्हणायची सवय असावी.

माझा एक मित्र अर्थशास्त्राचा आहे. हे सर्व ऐकून तो म्हणाला, “प्रत्येकाची हरकत ऐकत बसलो तर या देशात एक वीट उभी राहणार नाही. तुझे लाडके वानखेडे तेरा महिन्यांत झाले ते कोणाला न विचारता झाले म्हणूनच.” त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे आणि मी ते टाळत नाही. हरकतींच्या नावाखाली ब्लॅकमेल करणारे लोकही असतात. अर्ज करायचा, मिटवून घ्यायचे, पुढच्या कामाकडे वळायचे, हा काहींचा धंदाच आहे. पण तीस दिवस ऐकून घेतल्याने तेरा महिन्यांचे चौदा महिने झाले असते. न ऐकल्याने मात्र पुढची दहा वर्षे कोर्टात जातात. आणि गाळ्यांचे म्हणाल तर ते एका महिन्याने उशिरा झाल्याने बेलापूरच्या व्यापाराचे फारसे बिघडले नसते.

आता हा प्रश्न पुन्हा उभा राहणार आहे म्हणून हे सगळे लिहितो. जुलै २०२४ मध्ये विश्वविजेत्या संघाच्या मिरवणुकीला मरीन ड्राइव्हवर जनसागर लोटला, त्यानंतर वानखेडे अपुरे पडते, एक लाख आसनांचे नवे स्टेडियम हवे, अशी घोषणा झाली. जागा म्हणून ठाणे जिल्ह्यातल्या आमणे गावाचे नाव पुढे आले. आपल्या कोपरगाव-शिर्डीवरून जाणारा समृद्धी महामार्ग जिथे संपतो तेच हे आमणे. उद्या तिथेही एखाद्या कार्यालयाच्या फलकावर ‘सर्व संबंधितांना कळविण्यात येते की’ असा कागद लागेल. तिथेही एखादा म्हातारा कॉलेजच्या पोराला विचारील, काय लिव्हलंय? त्या पोराने माझ्यासारखे करू नये एवढे मला वाटते. ते एक लाख आसनांचे स्टेडियम होऊ नये असे मी म्हणत नाही. झालेच तर मी आणि दादा समृद्धीवरून पहिल्या गाडीने जाऊ. पण त्यातली किती आसने विनाओळखीच्या माणसाला मिळणार, आणि आमण्याच्या पोरांना त्या कुंपणाच्या आत कधी धावता येणार, हे पाया खणण्याआधी छापून यावे.

आता आमच्या मैदानाविषयी. गाळे झाले. आठ आहेत, दोन उघडले आहेत, त्यांतल्या एकात मोबाईल दुरुस्ती चालते. मागचा अर्धा भाग शिल्लक आहे. त्याच्या कागदपत्रांसाठी मी माहितीच्या अधिकारात अर्ज केला. पोस्टल ऑर्डर कशी काढतात हे मला पोस्टातल्या बाईंनी शिकवले. उत्तर आले तेव्हा एक गंमत कळली. ज्या मैदानावर आबांच्या तरुणपणी हगामा भरायचा, ते कागदोपत्री मैदान नाहीच. तिथे ‘मोकळी जागा’ एवढेच लिहिलेले आहे. मोकळ्या जागेवर कोणी खेळत नसते, कोणी धावत नसते, त्यामुळे तिला कोणी संबंधितही नसते! तीस दिवसांत मी अर्ज दिला असता तरी कारकुनाने मला हेच दाखवले असते, असे म्हणून मी स्वतःची समजूत घालू पाहतो. ती पुरती पटत नाही. अर्ज गेला असता तर हे निदान एक वर्ष आधी उघडकीस आले असते.

आता अर्ज तयार आहे. मागणी दोनच: उरलेल्या जागेची नोंद ‘खेळाचे मैदान’ अशी व्हावी, आणि गाळ्यांच्या मागून आत जायला आठ फुटांची वाट राखावी, कारण आज मुली मोबाईलवाल्याच्या ओट्यावरून उड्या मारून आत जातात. मसुदा मी लिहिला, शुद्धलेखन मराठीच्या मॅडमनी तपासले, ‘सर्व संबंधित’ हे शब्द मी मुद्दाम ठेवले आणि त्यांच्यापुढे धावणाऱ्या प्रत्येक मुलामुलीचे नाव घातले. येत्या १ मेच्या ग्रामसभेत तो द्यायचा आहे. एकावन्न सह्या झाल्या आहेत. आबांनी अंगठा दिला. बाबांपुढे मी शाईची डबी धरली तर त्यांनी ती बाजूला सारली आणि पेन मागितला. तिसरीपर्यंत शाळेत गेलो होतो म्हणाले. नाव लिहायला त्यांना बराच वेळ लागला, आणि शेवटचे अक्षर रकान्याबाहेर जाऊन खालच्या सहीवर चढले. नात म्हणाली, दुसरा कागद घेऊ का? मी तोच ठेवला आहे.